स्टीलच्या टाकीतला आर्गन

तीन वाजता ग्राहकाचा इन्स्पेक्टर येणार होता आणि स्टेनलेस स्टीलच्या टाकीचा आतला जोड अजून कोणी पाहिलाच नव्हता. वेल्डर हरीभाऊ शिडी चढून टाकीच्या तोंडाशी बसले होते. उतरत मात्र नव्हते.

वसईच्या त्या वर्कशॉपमध्ये तोवर फक्त ॲल्युमिनियमच्या टाक्या बनत. टिग वेल्डिंगमध्ये टंगस्टनच्या सुईपासून विजेचा आर्क काढतात आणि त्याभोवती आर्गन वायू सोडतात, म्हणजे वितळलेल्या धातूला हवा लागत नाही. ॲल्युमिनियमला बाहेरून तेवढे पुरे. स्टेनलेसचा जोड मागच्या बाजूनेही हवा लागून काळा, खरबरीत होतो. म्हणून टाकीच्या आतही आर्गन भरावा लागतो. ही सुधारणा माझी. धातुशास्त्राची पदवी ताजी होती. मी सूचनापत्रक टाइप करून भिंतीवर लावले होते: आर्गन विषारी नाही, पेट घेत नाही, त्याला वास नाही. तिन्ही विधाने अचूक होती.

"हरीभाऊ, उतरा की! मॅडमनी लिहून दिलंय," शेठ खालून ओरडले.

"कंदील येऊ द्या, शेठ."

"भर दुपारी कंदील? बॅटरी घ्या!"

"बॅटरी विझत नाही ना."

हरीभाऊ वटारचे, बागायतदार घरातले. वाडीतल्या विहिरीत गाळ काढायला उतरण्यापूर्वी दोरीने पेटता कंदील सोडायचा, ही त्यांच्याकडची रीत.

मी समजावले, "विहिरीत कुजका वायू असतो. हा आर्गन आहे, अगदी शुद्ध."

"असेल, मॅडम. हवा आहे का, तेवढं बघतो."

कंदील हातभर खाली गेला आणि विझला. पुन्हा पेटवला; पुन्हा तिथेच विझला. आर्गन हवेपेक्षा जड असतो; तळाशी साचतो आणि हवेला वर ढकलतो. हे मला ठाऊक होते, फक्त आठवले नव्हते. हरीभाऊ उतरले असते तर न खोकता, न ओरडता कोसळले असते आणि त्यांना काढायला बहुधा मीच उतरले असते.

ब्लोअरचा पाइप तळाशी सोडून आम्ही तासभर हवा भरली. कंदील तळाशी तेवत राहिल्यावरच हरीभाऊ कमरेला दोर बांधून उतरले. तिष्ठत बसलेल्या इन्स्पेक्टरने चंदेरी जोड पाहून समाधान व्यक्त केले. शेठनी श्रेय मला दिले. मी ते घेतले.

अपाय न करणारा वायू आणि माणसाला जगवणारा वायू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदवी परीक्षेत त्या वेगवेगळ्या पेपरांत विचारतात.