पुसलेली नदी

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण माझ्यासाठीच जन्माला आली असावी. नव्वदच्या दशकात मी आखातात, अल कुसैसमधल्या एका व्हिडिओ लायब्ररीत कामाला होतो. मालक रत्नागिरीकडचे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांना एकच धास्ती. "इन्स्पेक्शनला उघडंवाघडं काही सापडलं तर दुकान खलास, तुझा व्हिसा खलास!" म्हणून नवी कॅसेट आली की आधी ती चालवायची, तसला सीन कुठे सुरू होतो नि कुठे संपतो ते आकडे व्हीसीआरवरून कागदावर उतरवायचे, मग मागे येऊन तेवढ्या भागावर कोरं रेकॉर्डिंग करायचं. सीनच्या जागी निळा पडदा. हे काम माझं.

समोरच्या इमारतीत एक स्पॅनिश मॅडम राहायच्या. वय पन्नाशीच्या आसपास, शाळेत संगीत शिकवायच्या. एक दिवस बुरशी धरलेली जुनी कॅसेट घेऊन आल्या. "फक्त साफ करून दे. दुसरी कॉपी नाही."

साफ केली, लावली. नदीकाठ, दोन तरुण बायका कपडे उतरवताहेत. अरे देवा! चाचा नमाजला गेलेले, दुकानाचं दार सताड उघडं. गिऱ्हाइकाची स्वतःची कॅसेट आहे, गुपचूप परत द्यावी, एवढी अक्कल नको? वर कोणी रेकॉर्ड करू नये म्हणून कॅसेटमागची टॅब मॅडमनी मुद्दाम मोडलेली होती. मी त्या भोकावर सेलोटेप चिकटवली आणि बटण दाबलं. वर स्वतःवरच खूश!

संध्याकाळी त्या आल्या. मी छाती फुगवून सांगितलं, "डोन्ट वरी मॅडम, खराब सीन सगळा क्लीन केला."

त्यांनी काउंटर घट्ट धरला. "लाव."

नदी आली, आणि पडदा निळा झाला. तो संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग तुटक इंग्रजीत बोलायला लागल्या.

"त्या दोघींतली एक मी, दुसरी माझी बहीण. आमच्याकडे हुकूमशहा होता, तेव्हा पडद्यावरची चुंबनंसुद्धा कापायचे. तो मेला, आणि प्रत्येक सिनेमात उघड्या बायका. लोक रांगा लावायचे, म्हणायचे स्वातंत्र्य आलं. कपडे मात्र आमचेच उतरले. तरी खोटं कशाला बोलू, आम्हालाही वाटायचं, आपण काहीतरी धाडस करतोय. वडील जुन्या राजवटीचे. त्यांनी घरातले आमचे सगळे फोटो जाळले. दोन वर्षांनी बहीण गेली. ती एवढ्या एका सीनमध्येच उरली होती."

मी वेड्यागत कॅसेट काढली, दुसऱ्या व्हीसीआरमध्ये घातली, तिसऱ्यात घातली, ट्रॅकिंगचं बटण इकडून तिकडे फिरवलं, हेड पुसलं. निळंच. पुसलेलं परत येत नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी रिवाइंड करतच राहिलो. तेवढ्यात चाचा आले, सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "अरे, दुकानातल्या कॅसेटी पुस म्हटलं होतं! हिची कशाला पुसलीस?" शरमेनं जीव नकोसा झाला होता.

मॅडमनी माझा हात धरून थांबवलं. "बस. तिला शेवटचं पाहिलंस ते तू. कशी दिसत होती? मला हल्ली तिचा चेहरा नीट आठवत नाही."

खरं तर तो सीन चालू असताना मी दाराकडे बघत होतो, कुणी येतंय का म्हणून. मधूनमधून फक्त आकडे पाहिले. तिचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. पण हे कुठल्या तोंडानं सांगणार?

"हसत होत्या, मॅडम," मी म्हणालो. "खूप छान हसत होत्या."

त्यांनी हात सोडला.

"रडत होती ती," त्या म्हणाल्या. "पाण्याला घाबरायची."