काकूंनी नापास केलेला जोड

आमचे काका कारखान्यात लेसरने पाइप जोडतात आणि काकू तिथल्याच प्रयोगशाळेत ते जोड कापून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. काकांना नवं लेसर मशीन मिळालं होतं, पण चाचणीच्या दोन जोडांतला एकही पास झाला नाही, तर ते त्यांच्याकडून काढून घेतलं जाणार होतं. पहिला काकूंनी बिनदिक्कत नापास केला.

"अगं, दिसायला किती देखणा आहे तो," काका म्हणाले.

"दिसायला तुम्हीही बरे होतात. जोडालगतचं पोलाद झटकन थंड होऊन आतून कडक झालंय, दाबाखाली तडकेल. आधी पाइप तापवून घ्या."

काका फुगले, पण दुसरा पाइप तापवूनच त्यांनी जोडला. तो पास झाला. मशीन राहिलं.

"लोक म्हणतील, बायकोने पास केलं."

"मग पहिला कोणी नापास केला, तेही सांगा त्यांना."