छातीत उतरलेला दिवा

घास गळ्याखाली उतरणं ही देवाची कृपा आहे, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. चांगला पोटभर जेवणारा माणूस मी. पांढरकवड्याच्या कचेरीत कारकुनी करायचो आणि दुपारच्या डब्यात ज्वारीची भाकर नि मिरचीचा ठेचा असला की साहेबाचं बोलणंही गोड लागायचं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या वर्षी दिवाळी सरली आणि थोड्याच दिवसांत भाकरीचा घास छातीच्या मध्यावर येऊन अडायला लागला. आधी पाण्याच्या घोटाबरोबर उतरायचा, मग पाण्यालाही जुमानेना. संक्रांतीपर्यंत मी ताक आणि आंबिलीवर आलो होतो. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता.

यवतमाळला पांढरं औषध पाजून छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरून पाहिला. मग म्हणाले, अन्ननलिका खाली आवळली आहे, तिथं काहीतरी अडथळा दिसतो, गाठही असू शकेल, नागपूरला दाखवा. रोगाचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्या काळी कोणी घेत नसे. पण परतताना एसटीत बायकोनं खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले, तेव्हा ते नाव आम्हा दोघांनाही कळलं होतं.

नागपूरला निघण्याआधी तिनं मला केळापूरला देवीच्या दर्शनाला नेलं. देवळाच्या पायरीवर हळूच म्हणाली, "आईसमोर तरी रागानं उभे राहू नका जी. वटी भरून येऊ, निघून जाऊ." पण मी रागानंच उभा राहिलो. हात जोडलेले आणि मनात भांडण. तुझ्या दारी इतकी वर्षं आलो, प्रसादाचा कण कधी वाया जाऊ दिला नाही, आणि तू माझ्याच पोटावर पाय दिलास? देवीच्या अंगावरून कौलाचं फूलसुद्धा पडलं नाही. मी बायकोच्या मागून मुकाट बाहेर आलो.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातले सर्जन मोकळ्या स्वभावाचे होते. छाती उघडावी लागेल, हे त्यांनी सरळ सांगून टाकलं. मग ते म्हणाले, "पण कापण्याआधी एकदा आतून पाहून घेऊ." त्यांनी एक हातभर लांबीची, सरळसोट चकचकीत नळी दाखवली. तिच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा विजेचा दिवा. ही नळी तोंडावाटे अन्ननलिकेत जाणार आणि डॉक्टर तिला डोळा लावून पाहणार. मी जागाच असणार. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, इतकी सरळ नळी माझ्यासारख्या वाकड्या माणसात जाईल कशी?" ते हसले. मला मात्र दरदरून घाम फुटला होता.

टेबलावर मला उताणं निजवलं. खांदे टेबलाच्या कडेशी आणि डोकं बाहेर अधांतरी. ते डोकं दोन्ही हातांत धरायला एक माणूस स्टुलावर बसला होता. करीमभाई त्याचं नाव, दवाखान्यातलाच नोकर, पन्नाशीचा, दाढी पांढरी झालेली. "कुठचे बाबूजी?" त्यानं विचारलं. पांढरकवड्याचा म्हटल्यावर खुलला. "मी घाटंजीचा. मंग तर आपलेच मानसं निघाले तुमी!" तेवढ्यात घशात कडू औषध फवारलं गेलं आणि जीभ लाकडासारखी बधिर झाली.

नळी घशाशी आली मात्र, माझा जीव कासावीस झाला. मान ताठली, हात आपोआप वर गेले. डॉक्टरांनी नळी काढून घेतली. दुसऱ्यांदाही तेच झालं. ते रागावले नाहीत, पण थकल्या आवाजात म्हणाले, "जबरदस्ती केली तर आतून फाटेल. आणखी एकदा पाहतो. नाहीच जमलं तर छाती उघडायचीच." मी डोळे मिटले. सगळं संपलं असं वाटलं.

करीमभाई माझ्या कानाशी वाकला. "बाबूजी, तुमाले वाटते मान माह्या हातात हाये. नाही. तुमीच तिले धरून राह्यले. सोडून पाहा जराशी. पडू देनार नाही मी."

इतकी साधी गोष्ट, पण ती मला येत नव्हती. कळायला लागल्यापासून माझ्या डोक्याचा भार मी कोणावर टाकलाच नव्हता. कसं झालं ते सांगता येत नाही. मनात 'आई' असा शब्द उमटला. तो माझ्या गेलेल्या आईसाठी होता की केळापूरच्या, मला ठाऊक नाही. मान सैल झाली, डोकं त्या दोन तळव्यांत उतरलं आणि त्यांनी ते अलगद तोललं. नळी खाली गेली. दुखलं, पुष्कळ दुखलं. पण भीती कुठे गेली कोण जाणे.

डॉक्टर वाकून पाहत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्या छातीत दिवा लागला आहे. जन्मापासून जिथं अंधारच होता, जिथं माझं मलाही कधी जाता आलं नाही, तिथं उजेड पडला होता आणि कोणीतरी तिथं पाहत होतं. रोज सांजवातीला मी देवाला अंतर्यामी म्हणत आलो होतो. म्हणून म्हणून तो शब्द गुळगुळीत झाला होता. त्या टेबलावर त्याचा अर्थ अंगावर काटा आणून गेला. पडल्या पडल्या माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"अरे, ही तर बोराची बी!" डॉक्टर ओरडलेच. लांब चिमट्यानं त्यांनी ती नळीतून काढली. जुन्या जळजळीनं अन्ननलिका खाली आवळली होती, तिथंच ही बी अडकून बसली आणि भोवतीचा भाग सुजला. फोटोत दिसला तो अडथळा हाच. खात्रीसाठी त्यांनी आतला कणभर तुकडाही तपासायला पाठवला. त्यातही काही वाईट निघालं नाही. पुढे त्याच वाटेनं सळ्या घालून आवळलेला भाग हळूहळू रुंद केला. छातीला सुरी लागली नाही.

बी कुठून आली, ते बायकोनं ओळखलं. तुळशीच्या लग्नाला आमच्याकडे बोरांचा नैवेद्य असतो, आणि नैवेद्याच्या बोराची बी थुंकायची नाही, गिळायची, ही माझ्या आईची शिकवण. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "बी कशाला गिळायची?" बायको म्हणाली, "प्रसाद हाये ना डॉक्टरसाहेब, थुंकाचा कसा?" ते म्हणाले, "मग यंदापासून देवाला केळं दाखवा!"

यात कृपा कोणती आणि योगायोग कोणता, हे मी वेगळं करत बसत नाही. त्या डॉक्टरांना कापण्याआधी पाहावंसं वाटलं, याचेच उपकार फिटायचे नाहीत. काही दिवसांनी बायकोनं दूधभात भरवला. घास अडला नाही. आम्ही दोघंही रडलो आणि मग आणखी भात वाढून घेतला.

घरी निघताना मी करीमभाईला शोधलं. तो व्हरांड्यात बिडी ओढत बसला होता. मी पायाला हात लावायला वाकलो तसा तो गडबडून उठला. देवळात इतकी वर्षं मी डोकं टेकवत आलो, पण तिथंही ते माझंच राहिलं होतं. ते दुसऱ्याच्या हाती कसं द्यायचं हे मला या माणसानं शिकवलं. मला हे त्याला नीट सांगताही येईना. "तुमच्यामुळे वाचलो," एवढंच म्हणालो.

"म्या काय केलं बाबूजी?" तो म्हणाला. "तुमी मान सोडली, म्हनून मले धरता आली."