एल म्हणजे लई

गेवराईत माझी रक्त तपासायची छोटी लॅब आहे. किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही, कारण आमच्याकडं रिपोर्ट हातात पडला की माणूस तो तिथंच वाचतो आणि त्याचा अर्थही स्वतःच लावतो.

त्यातली एक ओळ एमसीएचसीची. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन किती दाट भरलंय, ते ती सांगते. निम्मे किस्से तिच्यावरचेच.

*

चकलांब्याच्या एका काकांनी रिपोर्ट उलटापालटा करून विचारलं, "म्याडम, एमबीबीएस डॉक्टर ऐकलेत. हे एमसीएचसी कुठले?"

मी म्हटलं, "काका, डॉक्टर नाही, तपासणीचं नाव आहे ते."

"आसं व्हय. मला वाटलं पुन्याचे असतील."

*

लक्ष्मणरावांचं एमसीएचसी कमी आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. महिन्याभरानं पुन्हा तपासलं, तर आकडा जागचा हललेला नाही.

"गोळ्या घेतल्या का?"

"कावून घेऊ? तुमीच एल लिवलंय की."

"एल म्हणजे?"

"लई."

मी समजावलं. एल म्हणजे लो, कमी. एच म्हणजे हाय, जास्त.

त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. "हाय म्हंजे जास्त कसं? हाय म्हंजे, हाय तेवढं हाय."

*

एक पुढारी चार माणसं घेऊन आले. थकवा येतोय म्हणाले. मशीननं एमसीएचसी इतकं वर दाखवलं, की मला मशीनचाच संशय आला. पुढाऱ्यांना नाही आला. "वाघाचं रक्त हाय," ते सोबतच्यांना म्हणाले.

मी रक्ताची नळी यंत्रात घालून जोरात फिरवून आणली. वर दुधासारखा पांढरा थर. चरबीनं आकडा फुगवला होता.

"काल काय जेवलात?"

"काई न्हाई. कंदुरी होती, बोकडाची. दोन घास खाल्ले."

सोबतच्या एकानं नळी उजेडात धरली. "दादा, तर्री वर आलीय."

*

उमापूरची एक सासू सुनेला घेऊन आली होती. उसाची मोळी उचलली की सून मटकन खाली बसायची. रक्तात रंगच नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, हिला यंदा ऊसतोडीला नेऊ नका, जिवावर बेतेल. सासूनं ऐकलं. सून घरी राहिली, गोळ्या घेतल्या, पालेभाज्या खाल्ल्या.

काही महिन्यांनी दोघी परत आल्या. एमसीएचसी छान वर आलेलं. मी खूश, पण सासूचं तोंड उतरलेलं.

"ह्या गोळ्या बंद करा, म्याडम. पोरगी सावळी झाली. आमी गोरी बघून केल्ती."

मी म्हटलं, "मावशी, ती गोरी नव्हती. पांढरीफटक पडली होती."

"आसंल. पन तव्हा उलटून बोलत न्हवती."

सून शांतपणे म्हणाली, "तव्हा दम लागायचा, आत्याबाई."

सासूनं सुनेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग खुर्ची पुढं ओढली, बांगड्या मागं सारल्या आणि हात टेबलावर ठेवला.

"माजंबी काढा."