डाव्या बाजूचं माप

ऑफिसात कॉम्प्युटर आला त्या वर्षी मी जरा हवेतच होतो. सायखेड्याच्या बाजूला गोदाकाठच्या एका जुन्या शिवमंदिराचं काम हातात होतं. सभामंडपाची डावीकडची दगडी तुळई तडकली होती आणि छत लाकडी टेकूंवर तोललेलं होतं. मी उजव्या बाजूची मापं घेतली, स्क्रीनवर रेघा मारल्या आणि एक कमांड देऊन तीच बाजू डावीकडे उलटवली. दोन मिनिटांत मंडप पूर्ण! नव्या तुळईची प्रिंट म्हाताऱ्या पाथरवटाच्या हातात दिली.

आठवड्यानं मापांची वही चाळताना लक्षात आलं, डावीकडचं एकही माप त्यात नाही. एवढं जुनं बांधकाम, दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं मला कुणी सांगितलं होतं? गावातल्या दुकानातला फोन कुणी उचलेना. स्कूटर काढली. वाटेत उसाच्या गाड्या आडव्या आल्या तर मी उगाच बैलांवरच ओरडलो. दगड अजून कापला नसू दे, एवढंच घोकत होतो.

कापला होता. कडा सुरेख आल्या होत्या. मी डावीकडच्या खांबांमधल्या अंतराला टेप लावली, मग दगडाला, पुन्हा लावली. "तीन इंच कमी!" मी मोठ्यानंच म्हणालो. एका टोकाला तो खांबावर नीट टेकणारच नव्हता.

तेवढ्यात आलेल्या मंदिराच्या विश्वस्तांनी ते ऐकलं आणि ते थेट पाथरवटावर तुटून पडले. "जन्म गेला छिन्नी धरण्यात अन् तीन इंच दिसत नाय तुला? या गावात परत काम नाय भेटायचं!"

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. काम सुरू करताना त्यानं मापाला सुतळी काढली होती, तेव्हा मीच म्हणालो होतो, ठेवा ती आता, मशीन चुकत नाही. हे तो सांगू शकला असता. त्यानं सांगितलं नाही.

मी बोलणार होतो, खरंच बोलणार होतो. पण विश्वस्तांच्या ओळखीनं मिळणारी पुढची दोन कामं डोळ्यांपुढे आली आणि मी टेप गुंडाळत राहिलो. "चूक माझी आहे," असं शेवटी तोंडातून निघालं, तोवर त्यानं छिन्न्या पोत्यात भरून पोतं खांद्यावर घेतलं होतं.

म्हातारा थांबला, पण पोतं खाली ठेवलं नाही.

"हे मघाशीच बोलायचं होतं, साहेब," तो म्हणाला आणि चालायला लागला.