न ओढलेला बोल्ट

मन्याला मी शेवटचा भेटलो तो मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या हॉस्पिटलात, जानेवारीतल्या एका दुपारी. बर्फ इतका पडत होता की पार्किंग लॉटमधली स्वतःची गाडी ओळखू येत नव्हती. दुसऱ्या हार्ट अटॅकनंतर त्याचा आवाज बारीक झाला होता, जीभ मात्र तशीच तिखट. "काय बे पुणेकर, पेशंटकडे रिकाम्या हातानं?" मी खुर्ची जवळ ओढली आणि सहा वर्षं घशात अडकलेलं वाक्य एकदाचं सुरू केलं, "मन्या, शैलावहिनींना मी खरं सांगून टाकतो..." त्यानं डावा हात वर केला. उजवा त्याला वर करता येत नसे. "काही सांगायचं नाही," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. चार दिवसांनी त्याच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला, मन्या गेला. त्यालाही आता पाच आठवडे झाले.

मन्याची, म्हणजे मनोहरची, गोष्ट इथल्या सगळ्या मराठी मंडळींना पाठ आहे. त्यानं अस्वलावर गोळी झाडली, पुढची गोळी भरायला रायफलचा बोल्ट ओढायचं विसरला आणि जखमी अस्वलाच्या तावडीत सापडला. पॉटलकला, घरटी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, जमलो की तो स्वतःच ती रंगवून सांगायचा. पण ती खरी नाही. खरं काय ते दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातला आता मी एकटाच उरलोय.

मन्या भंडाऱ्याचा. वडील जंगलखात्यात, त्यामुळे त्याला रानाचं वेड लहानपणापासून. आम्ही दोघं एकाच मोटार कारखान्यात ड्रॉइंग करायचो. तिथल्या रॉय नावाच्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं त्याच्या हातात रायफल दिली, आणि मन्याच्या शेपटाला बांधल्यासारखा मीही गेलो. रॉय कडक होता. गोळी झाडली की बोल्ट मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर पडते. पुढे ढकलला की नवी गोळी आत. पण जनावर नक्की मेलं असेल तर नवी गोळी आत घ्यायची नाही. उगाच ठेच लागून रायफल उडाली तर सोबतचा माणूस जायचा. आणि ओरडायचे शब्द दोनच, पडलं तर 'डाऊन', पळालं तर 'रनिंग'. अस्वलाबद्दल बोलताना तर त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. अस्वलाची चरबी जखम बुजवून टाकते, तो म्हणे, रक्ताचा माग राहत नाही. ते झाडीत शिरतं आणि आपल्याच वाटेच्या बाजूला बसून राहतं... तुमची वाट बघत.

ब्याऐंशीच्या सप्टेंबरात रॉय आजारी पडला, म्हणून मोठा पूल ओलांडून वरच्या मिशिगनच्या रानात आम्ही दोघंच शिकारीला गेलो. रॉयशिवाय जाऊ नये असं मला सारखं वाटत होतं, पण बोललो असतो तर मन्यानं वर्षभर पुण्याचा उद्धार केला असता. तिसऱ्या दिवशी, ऊन उतरताना, पक्षी एकाएकी गप्प झाले. दलदलीच्या कडेला सीडरची दाट झाडी होती आणि तिच्यातून ते बाहेर आलं, काळं आणि सावकाश. मन्या खालच्या खोलगटात होता, मी वर टेकाडावर. त्यानं गोळी झाडली. अस्वल कोसळलं, क्षणभर पडून राहिलं, मग उठून मुकाट्यानं झाडीत शिरलं. खालून मन्याला ते दिसत नव्हतं. त्याचा हात बोल्टवर होता.

"काय झालं?" तो ओरडला.

मी रॉयचे दोन्ही शब्द विसरलो. घाबरलेल्या माणसाला आईचीच भाषा सुचते. मी ओरडलो, "गेलं! गेलं!"

मला म्हणायचं होतं, निघून गेलं. त्यानं ऐकलं ते, मेलं. त्यानं बोल्टवरचा हात काढला, रायफल खांद्याला अडकवली, मला हसून अंगठा दाखवला आणि झाडीकडे निघाला. हे सगळं मी वरून बघत होतो. ओरडायला वेळ होता. पण मला वाटलं, रानातला माणूस तो, त्याला मी काय शिकवणार? हा विचार मी केला, हे मला आजही कुणाला सांगवत नाही.

पुढचं लांबवत नाही. मी धावत गेलो, तीन गोळ्या झाडल्या, तिसरीला ते पडलं. तोवर अस्वलानं मन्याचा उजवा खांदा पार फाडला होता. हॉस्पिटल तासाभरावर, गाडी मी कशी चालवली आठवत नाही. मागच्या सीटवरून तो म्हणाला, "तुझी मराठी लय डेंजर आहे बे." आणि थोड्या वेळानं, "बोल्ट ओढायचा राहिला. माझी चूक. असंच सांगायचं."

मी तसंच सांगितलं. नंतरची सहा वर्षं वहिनी त्याच्या शर्टाची बटणं लावत आल्या, आणि मी त्यांच्या हातचं श्रीखंड खात गप्प बसत आलो.

गेल्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. त्यांची मुलगी नेहा हटून बसली होती, "ममा, गेट दॅट थिंग आउट ऑफ द हाउस." बेसमेंटच्या कपाटात, जुन्या कोटांच्या मागे, मन्याची रायफल होती. त्या शिकारीहून परतल्यावर मीच ती आणून दिली होती. त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नव्हता. मी बोल्ट मागे ओढला. पुंगळी बाहेर उडाली आणि फरशीवर गोल फिरत वहिनींच्या पायाशी थांबली. रायफलीत खाली उरलेल्या गोळ्या जिवंत होत्या.

वहिनींनी पुंगळी उचलली. "म्हणजे खरंच विसरले होते," त्या म्हणाल्या. "नाही का हो, भाऊजी?"

मी मान डोलावली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण मग मी सांगितलं. टेकाड, झाडी, त्याचा बोल्टवरचा हात, माझा शब्द. मी बघत राहिलो तेसुद्धा.

त्यांनी पुंगळी मुठीत धरली. मला वाटलं, आता मला घराबाहेर काढतील. काढलं असतं तर बरं झालं असतं.

"ह्यांना ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

त्या जिन्याच्या पायरीवर खाली बसल्या.

"आणि सहा वर्षं," त्या म्हणाल्या, "रोज बटणं लावताना मी ह्यांनाच विसरल्याबद्दल बोलत राहिले."