फेसच्या बाजारातला जोड

चहा घ्या आधी, मग हसा माझ्यावर. माझ्याइतका शहाणा माणूस तुम्हाला नागपूरच्या या अख्ख्या नंदनवन वस्तीत दुसरा सापडायचा नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

आणीबाणी उठली, त्यानंतरची गोष्ट. मुलगा मोरोक्कोत नोकरीला होता, त्यानं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. निघताना कामठीच्या जावयानं मोच्याकडून मला चांगल्या भक्कम चपला करवून दिल्या. "मामाजी, तिकडे खूप चालाव लागते म्हणते." झालं! आता त्याच्यासाठी तिकडून काहीतरी भारी आणणं आलंच. आमच्या हिनं विमानात बसल्यापासून तोच धोशा लावला.

मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून त्यानं आम्हाला फेसच्या गाडीत बसवून दिलं. फार जुनं शहर. गल्ल्या अशा, की समोरून लादलेलं गाढव आलं की आपण भिंतीला चिकटायचं. सकाळपासून दरवाजे पाहा, मदरसे पाहा, कातडी रंगवायचे हौद पाहा. दुपारी मी इतका थकलो की म्हटलं, इतिहास गेला चुलीत, मला कुठं तरी बसू द्या.

तेवढ्यात एका चपलांच्या दुकानात गालिचा अंथरलेला दिसला. आपल्या इतवारीत कापडाच्या दुकानात गादीवर चढायचं तर चपला पायरीशी काढतो की नाही? तशा काढल्या आणि आत जाऊन पसरलो. हिनं आपल्या सँडल पिशवीत घातल्या. प्रवासात हिचा कोणावर विश्वास नाही.

दुकानदार म्हातारा, भला माणूस. त्याची भाषा मला येईना, माझी त्याला. त्यानं पुदिन्याचा गोड चहा दिला. घाम पुसायला मी चष्मा काढला, तो खिशातच राहिला. म्हातारा दाराशी गेला, तिथलं काहीतरी उचलून फडक्यानं पुसलं, तेल लावलं आणि मांडणीवर ठेवलं. मी मनात म्हटलं, कष्टाळू आहे बिचारा.

मग जावयासाठी चपला पाहू लागलो. सगळ्या पिवळ्या आणि टोकदार! त्या घालून जावई कामठीत निघाला असता तर लोकांनी वरात काढली असती. पण मांडणीच्या टोकाला एक जोड होता. अंगठेवाला, तेलानं चकाकणारा. माझं आणि जावयाचं माप एकच, म्हणून पायात घालून पाहिला. काय सांगू, सकाळपासून पहिल्यांदा पायांना बरं वाटलं.

"अवो, या तं तुमच्यासारख्याच दिसून राहिल्या," ही म्हणाली.

"चूप बस वं. कामठीचा मोची इथं दुकान मांडून राहिला काय?"

म्हातारा तो जोड उलटूनपालटून पाहत होता, जरा गोंधळलाच होता. मला वाटलं, माल इतका उंची की द्यायला त्याचा जीव होत नाही. मी हट्टाला पेटलो. बोटांनी घासाघीस करून जोड घेतला, कागदात बांधून घेतला आणि बाहेर आलो.

पायरीवर माझ्या चपला नाहीत!

मराठीत, हिंदीत, हातवारे करून मी गल्ली गोळा केली. म्हातारा रडकुंडीला आला. त्यानं एक पिवळा जोड फुकट पुढे केला, तो मी बाणेदारपणे नाकारला. आता जावयाला काय तोंड दाखवू, हे एकच डोक्यात.

"काहून तो नवीन जोड घालत नाही मंग?" हिनं विचारलं.

"जावयाची वस्तू आहे ते. वापरलेली देऊ काय त्याले?"

आणि कागदाचं पुडकं छातीशी धरून मी त्या तापलेल्या दगडांवरून, गाढवांच्या लिदीतून, स्टेशनापर्यंत अनवाणी गेलो. पायांना फोड आले ते नागपूरला आल्यावरही बसले नव्हते.

जावई भेटायला आला. त्यानं दिलेल्या चपला चोरीला गेल्याचं मी जड मनानं सांगितलं आणि पुडकं हातात दिलं. त्यानं कागद सोडला. जोड उलटा केला. टाचेखालच्या लोखंडी नालेवरून बोट फिरवलं. ती नाल त्यानंच मोच्यासमोर बसून ठोकून घेतली होती.

जावई गुणाचा. हसला नाही. माझ्या फोडांकडे एकदा पाहिलं आणि जोड हलकेच माझ्या पायांशी ठेवला.

"घाला मामाजी. फॉरेनच्या आहेत."